सर्जेरावांचं लॉक

सर्जेराव आबांच्या दहाव्याला माईक होता. आमच्याकडे तो असतोच. कावळा शिवला की टोपी सावरत एकेक जण पुढे येतो आणि गेलेल्या माणसाला श्रद्धांजली वाहतो. ज्याला बोलता येतं तो बोलतो, ज्याला येत नाही तो जास्त वेळ बोलतो. लासुर्ण्याचे एक माजी सरपंच आबांवर बोलायला उभे राहिले. म्हणाले, “उसाच्या गाडीवर जन्म गेला, पण आबांच्या हातून गाडी कधी पडली नाही. पडली ती एकदाच, आणि तेव्हा आबा स्टेअरिंगवर नव्हते.”

माना हलल्या. पुढे बसलेल्या प्रकाशनं, आबांच्या एकुलत्या एका मुलानं, मान हलवली नाही आणि वरही केली नाही. मग निवेदकानं ‘बारामतीचे आबांचे जुने स्नेही’ म्हणून माझं नाव पुकारलं. मी घशाकडे बोट दाखवलं आणि बसून राहिलो. घसा ठणठणीत होता. मी तिथं गेलो होतो तो प्रकाशसाठी, आणि तोंड उघडलं असतं तर त्याच्याच बापाचा दहावा विस्कटला असता.

माझं बारामतीत इंदापूर रस्त्याला स्पेअर पार्टचं दुकान आहे. ट्रकच्या मागच्या एक्सलचं सामान हा मुख्य धंदा. कारखान्यांचा हंगाम तोंडावर आला की उसाच्या गाड्या दुरुस्तीला लागतात आणि दुकानात पाय ठेवायला जागा राहत नाही. तशाच एका गर्दीत आबा पहिल्यांदा आले. उंच, काटक माणूस, खाकी सदरा, गळ्यात टॉवेल. आल्या आल्या गिअर ऑइलचा डबा उघडायला लावला. बोट बुडवलं, चोळलं, हुंगलं आणि दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “ह्ये त्याल न्हाय, काढा हाय. सर्दी झाल्याव पी.”

“आबा, सीलबंद डबा आहे,” मी म्हणालो.

“शील बघाया मी काय रेशनिंगचा सायब हाय?”

गिऱ्हाइकं खो खो हसली. मीही हसलो. शेवटी आबांनी तोच डबा नेला. आबांच्या संगतीत बरीच वर्षं असंच चालायचं. कुणीतरी एकजण सोलून निघायचा आणि बाकीचे हसायचे. ज्याला झोडपायचं त्याला ते ‘विंजिनेर’ म्हणत. मिस्त्री विंजिनेर, मी विंजिनेर, कारखान्याचा शेतकी अधिकारी तर मोठा विंजिनेर. आपली पाळी येईपर्यंत मजा वाटायची.

माणूस मात्र गाडीत खरोखर वाकबगार होता, हे मी खाल्ल्या मिठाला जागून सांगतो. चपला काढून पायरीवर ठेवल्याशिवाय केबिनमध्ये चढायचे नाहीत. अनवाणी पायाला क्लचचा अंदाज बरा येतो, असं त्यांचं म्हणणं. दर आठवड्याला गाडीखाली आडवे होऊन मागच्या एक्सलच्या कवचाला, हौसिंगला, कान लावायचे. त्यांच्या सीटवर दुसरं कुणी बसलेलं त्यांना खपत नसे. प्रकाशकडे मोठ्या गाडीचं लायसन होतं, हात सफाईदार होता. पण त्याला गाडी मिळायची ती रिकामी. फडात गाडी नेऊन लावायची, ऊस भरून झाला की खाली उतरायचं आणि पलीकडे क्लीनरच्या जागेवर जाऊन बसायचं. “भरली गाडी माझी, रिकामी तुझी,” असं आबा चारचौघांत म्हणत. प्रकाश हसून उतरायचा. दोन पोरींचा बाप झाला तरी तसाच उतरायचा.

आता त्या लॉकबद्दल सांगितलं पाहिजे, कारण आबांची सगळी मिजास त्याच्यावर होती. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जावं लागतं, आतल्याला कमी. मागच्या एक्सलमधला डिफरन्शियल त्या दोन्ही चाकांना आपापल्या वेगानं फिरू देतो, म्हणून गाडी सुखासुखी वळते. डांबरी रस्त्यावर ही सोय आहे आणि चिखलात हाच घात आहे. एक चाक चिखलात घसरायला लागलं की ते नुसतं गरगर फिरत बसतं आणि दुसरं, ज्याच्याखाली घट्ट जमीन आहे, ते जागचं हलत नाही. अशा वेळी लॉक टाकलं की दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जातात आणि गाडी खेचत बाहेर येते. फक्त घट्ट रस्त्याला लागल्यावर ते आठवणीनं काढावं लागतं. नाही काढलं तर चाकं वळायला तयार होत नाहीत, गाडी सरळ जाऊ बघते. आबांची गाडी मूळची खडी वाहणारी टिपर, तिला लॉक कंपनीचंच होतं. आसपासच्या बहुतेक उसाच्या गाड्यांना ते नव्हतं.

ते लॉक काय करू शकतं, हे मी एकदा बावड्याजवळच्या एका फडात पाहिलं. ऐन हंगामात अवकाळी पाऊस झाला होता. काळ्या रानात भरलेल्या तीन-चार गाड्या रुतून बसल्या होत्या आणि एका गाडीचा एक्सल तुटला म्हणून मी सामान घेऊन गेलो होतो. आबा आले. आधी चपला काढल्या आणि सगळं रान अनवाणी चालून आले. कुठं भुसभुशीत, कुठं घट्ट, हे पायांनी बघून घेतलं. मग गाडीत चढले, चाक फिरायच्या आधीच लॉक टाकलं, आणि इंजिनाचा आवाजही न चढवता भरली गाडी बांधापर्यंत आणली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तिथंच एक तरुण ड्रायव्हर होता, त्याची गाडी सगळ्यांत खोल रुतली होती. तो हात जोडून म्हणाला, “आबा, साखळी लावून वाईच माजी बी वढता का?”

आबांनी बांधावर बसून पाय पुसले. “चाक फिरतंय म्हंजी गाडी चालती, आसं वाटलं न्हवं तुला? मंग बस फिरवत. तुजी वढाया माजं लॉक झिजवू?”

“चुकलं आबा.”

“चुकलं तर डायवरकी सोड. म्हशी राख.”

तो पोरगा सगळ्यांसमोर रडायच्या बेताला आला. आबा निघून गेले. त्याची गाडी संध्याकाळी ट्रॅक्टरनं काढली. घरी येताना मी मनाशी म्हणत होतो, माणूस हुशार आहे पण ओलावा नाही. तेव्हा मला एवढंच दिसलं.

नंतर वय झालं. साखर वाढली, डोळे अधू झाले. या वयात मोठ्या गाडीचं लायसन पुन्हा करून घ्यायचं तर डॉक्टरचा दाखला लागतो, तो डोळ्यांपायी मिळेना. लायसन संपलं. आबा चालवतच राहिले. कारखान्याच्या रस्त्यावर त्यांना कोण अडवणार?

एका हंगामाआधी प्रकाश एकटाच दुकानात आला. गिऱ्हाईक नाही असं बघून म्हणाला, “काका, एक इचारायचं हुतं. लॉक काढून लिमिटेड स्लिप बसवता यील का आमच्या गाडीला?”

लिमिटेड स्लिपची भानगड अशी. त्यात चकत्या असतात. एक चाक घसरायला लागलं की त्या चकत्या आपोआप दाबल्या जातात आणि थोडा जोर दुसऱ्या चाकाकडे जातो. लॉकइतका पुरा जोर नाही मिळत. खोल चिखलात ते लॉकची बरोबरी करत नाही. तेल वेगळं लागतं, चकत्या झिजतात. पण टाकायचं-काढायचं काही नाही, लक्षात ठेवायचं काही नाही. एका मोडीत निघालेल्या गाडीचं तसलं सामान माझ्या नजरेत होतं आणि आबांच्या हौसिंगला ते बसण्यासारखं होतं.

“बसेल,” मी म्हणालो. “पण तुमचं रान काळं. लॉक असताना हे कशाला?”

प्रकाशनं आवाज बारीक केला. “आबा लॉक काढायचं इसरत्यात, काका. गेल्या साली दोनदा मी हात घालून काढलं. लॉक आसलं की पिपाणी वाजायची, तर कानाला तरास व्हतो म्हणून तिची वायर तोडून टाकली. लाल दिवा हाय, त्यो दिसत न्हाय त्येन्ला. मला कारखान्याच्या वाहन विभागात डायवर म्हणून घ्यायलेत. ट्रायल झाली, पास झालो. आता आर्डर आली की मी जाणार. मंग शेजारी बसून लॉक कोण काढणार?”

त्या नोकरीसाठी त्यानं किती वर्षं वाट बघितली होती, ते मला माहीत होतं. कायमची जागा, हक्काचं स्टेअरिंग, भरली गाडीसुद्धा त्याची. मी म्हणालो, आबांना घेऊन ये, मी बोलतो.

आबा आले तेव्हा दुकानात चार माणसं होती, ही माझी चूक नव्हे पण दुर्दैव खरं. मी शक्य तितक्या गोडीनं दोन्ही बाजू मांडल्या. लॉकचा जोर मोठा, पण चालवणाऱ्याची आठवण जागी पाहिजे. याचा जोर कमी, पण चूक होत नाही. शेवटी म्हणालो, “वयाच्या मानानं हे सोयीचं पडेल, आबा.”

आबांनी बशीतला चहा संपवला, बशी पालथी घातली. “कुणाच्या वयाच्या?”

प्रकाशकडे बोट दाखवून आबा मला म्हणाले, “ह्यो बोल्ला न्हवं तुला? आजारी माणसाला पोळी कुस्करून देत्यात, तसली गाडी ही. जोर किती द्यायचा ते चकत्या ठरवणार, मंग डायवर काय फकस्त भोंगा वाजवाया? लॉक माणसाच्या हातात पायजे. ज्येला ध्यानात ऱ्हात न्हाय त्येनं गाडीव बसू नये.”

“आबा, मी तसं न्हाय म्हणलं,” प्रकाश म्हणाला.

“तू गप. तुला अजून भरली गाडी सोसत न्हाय.”

लॉक राहिलं. मी फक्त पिपाणीची नवी वायर प्रकाशच्या हातात दिली. ती त्यानं बसवली आणि आबांनी पुन्हा तोडली, असं नंतर कळलं.

हंगाम निम्मा सरला असेल. पुन्हा पाऊस झाला. लासुर्ण्याजवळच्या एका फडात आबांच्या गाडीचा हवेचा पाईप फुटला आणि प्रकाशचा फोन आला. मी मोटरसायकलवर पाईप घेऊन गेलो. पाईप बसवला, ऊस भरून तयार होता. प्रकाश नेहमीसारखा खाली उतरून पलीकडे गेला. आबांनी लॉक टाकलं, गाडी चिखलातून बाहेर काढली आणि डांबरी रस्त्याला लागले. मी मागंच होतो.

पहिल्या बारक्या वळणावरच मागची चाकं खरडल्याचा आवाज आला आणि रस्त्यावर काळे पट्टे उमटले. मी समजलो, लॉक काढायचं राहिलंय, आणि या वेळी प्रकाशचा हातही वेळेत पोचलेला नाही. हॉर्न वाजवत बाजूनं पुढे जायचा प्रयत्न केला, पण रस्ता अरुंद, आणि उसाचे शेंडे दोन्ही बाजूंना लोंबत होते. पुढे कालव्याच्या पुलाला काटकोनात वळण आहे. आबांनी स्टेअरिंग वळवलं, पुढची चाकं वळली सुद्धा, मागची वळेनात. भरली गाडी सरळ गेली, कडेचा दगड उडवला आणि डाव्या अंगावर पाण्याच्या चारीत आडवी झाली. मोळ्या रस्ताभर पसरल्या.

मी मोटरसायकल टाकून धावलो. आबा वरच्या दारातून बाहेर आले. त्यांना खरचटलंसुद्धा नव्हतं. आता पुढचं जे सांगतो आहे ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. आत पोरगा कळवळत होता. आबा वाकले, हात आत घातला आणि आधी लॉकचं बटण बंद केलं. मग पोराला हाक मारली.

प्रकाशचा उजवा गुडघा डॅशबोर्डखाली चिरडला होता. त्याला बाहेर काढून आम्ही मोळ्यांवर निजवलं. घामानं डबडबला होता, तशातही त्यानं माझी बाही धरली. “काका, पोलीस येतील. मी चालवत हुतो. ध्यानात ठिवा. आबांचं लायसन न्हाय.”

“प्रकाश, तुझी ऑर्डर यायची आहे,” मी म्हणालो.

“या वयात आत घालत्याल त्येन्ला. तुमी मी चालवत हुतो म्हणा.”

मी आबांकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस म्हणेल, नाही रे बाबा. त्यांनी टॉवेलनं हात पुसले. “बरं,” म्हणाले. नंतर माझ्याकडे वळून म्हणाले, “आन् तू हितं नव्हताच.”

केस प्रकाशवर झाली. निष्काळजीपणे गाडी चालवणे. कारखान्यानं ती जागा दुसऱ्याला दिली. कोर्टात केस मिटेपर्यंत पुष्कळ काळ गेला आणि गुडघा कायमचा वाकडा बसला.

इथपर्यंत मी आबांना माफ केलं असतं. घाबरलेला म्हातारा, बापाला वाचवणारा मुलगा; घराघरात असं होतं. पण दवाखान्यात प्रकाशची आई आली. डोक्यावरचा पदर सावरत तिनं विचारलं, “कसं काय रं झालं ह्ये?” तेव्हा खोलीत आम्ही चौघंच होतो. तिथं कुणी पोलीस नव्हता, कोर्ट नव्हतं. बायकोला खरं सांगायला काय हरकत होती?

आबा म्हणाले, “लॉक काढायचं इसरला.”

प्रकाशनं भिंतीकडे तोंड केलं. त्याची आई त्याच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाली, “आसू दे लेकरा, व्हतं.” मी बाहेर येऊन पायरीवर बसलो.

मग ती गोष्ट गावभर झाली. लासुर्ण्यात झाली, निमगाव केतकीच्या बाजारात झाली. जे लोक वर्षानुवर्षं ‘भरली गाडी माझी’ ऐकत आले होते, त्यांतल्या एकालाही भरल्या गाडीवर त्या दिवशी प्रकाश कसा होता, हा प्रश्न पडला नाही. की पडला, आणि म्हाताऱ्याच्या तोंडाला कोण लागणार म्हणून गिळला? मला दुसरंच खरं वाटतं. नामांकित ड्रायव्हर चुकला यापेक्षा त्याचं पोर नालायक निघालं, हे ऐकायला लोकांना बरं वाटतं.

एके दिवशी आबा माझ्याच दुकानात बसून ती गोष्ट बावड्याच्या एका ट्रकमालकाला सांगत होते. आता तिला हातपाय फुटले होते. “मी शेजारी बसून बोंबलतोय, लॉक काढ, आरं लॉक काढ! पर ह्येचं ध्यान कुठं? आर्डर येणार म्हणून हवेत हुतं पोरगं.”

माझ्या हातातलं बेअरिंग काउंटरवर पडलं. “आबा,” मी म्हणालो, “मी मागं होतो.”

“मंग तुला तर म्हायतीच हाय,” आबा म्हणाले. पापणी लवली नाही.

“स्टेअरिंगवर तुम्ही होता.”

ट्रकमालक एकदा माझ्याकडे, एकदा आबांकडे बघू लागला. आबा सावकाश उठले, टॉवेल झटकला. “पोलिसांच्या कागदाव काय हाय ते वाच जा. आन् तू सामान इक.”

ते गेल्यावर ट्रकमालक मला म्हणाला, “जाऊ द्या, शेठ. पोराच्या दुःखानं बोलत्यात म्हातारं.” मी कपाळावर हात मारून घेतला.

मी प्रकाशला गाठलं. तो तेव्हा निमगाव केतकीच्या बागायतदारांचा भाजीपाला पिकअपमधून बाजाराला नेऊ लागला होता. मी चिडून म्हणालो, “कागदासाठी खोटं बोललास ते समजलं. आता केस मिटली. घरात तरी खरं सांग.”

तो गाडीच्या फाळक्याला टेकून उभा होता, वाकडा पाय पुढे टाकून. म्हणाला, “आबांपाशी दुसरं काय हाय, काका? डायवर म्हणूनच लोक इचारत्यात त्येन्ला. ते काढून घेतलं तर काय उरलं?”

“आणि तुझ्यापाशी?”

तो हसला आणि टोमॅटोचे क्रेट मोजायला लागला. त्या हसण्याचा मला आबांपेक्षाही जास्त राग आला. चांगुलपणाला एक मर्यादा असावी. ती नसली की दुसऱ्याला राक्षस व्हायला मोकळं रान मिळतं.

पुढे बऱ्याच दिवसांनी आबा दुकानात आले, जणू मधे काही घडलंच नव्हतं. म्हणाले, “ते लिमिटेड स्लिप म्हणला हुतास, ते हाय का? लॉक काढून टाकू. आमच्या पोराच्या ध्यानात ऱ्हात न्हाय. त्येच्यासाठी बसवतोय.” दुकानातल्या माणसांनी कौतुकानं माना डोलावल्या. बापाचं काळीज! मी सामान दिलं. तोंडावर फेकावं असं वाटत होतं, पण रस्त्यावर दुसरी माणसंही चालतात. गाडी नीट वळावी, एवढाच विचार केला.

ती नवी चीज आबांना शेवटपर्यंत उमगली नाही. पहिल्याच चिखलात गाडी अडली. एक चाक खड्ड्यात अधांतरी आणि चकत्यांना पकडायला काही मिळेना. आबा ॲक्सिलेटर दाबत राहिले. फडाचा मालक मला नंतर सांगत होता, की बाजाराहून परतताना प्रकाश तिथं थांबला, लंगडत खिडकीपाशी गेला आणि म्हणाला, “आबा, रेस देता देता ब्रेक हलका दाबून धरा. फिरणाऱ्या चाकाला अडवलं की जोर दुसऱ्याकडं जातो.” आबांनी तसं केलं. गाडी निघाली. आबा मालकाला म्हणाले, “मी तेच करणार हुतो. ह्येला मधी मधी बोलायची खोड हाय.” प्रकाश पिकअपमध्ये बसून निघून गेला.

आबांना मी शेवटचं पाहिलं ते त्यांच्या घरी. गाडी तोवर विकली होती. मी प्रकाशकडे पिकअपचं सामान द्यायला गेलो होतो. आबा अंगणात खुर्चीवर होते, बरेच थकले होते, पण आवाज तोच. प्रकाशची थोरली मुलगी स्नेहल नुकतीच कॉलेजात जायला लागली होती आणि तिला गाडी शिकायची होती. पिकअप दारात उभी होती. प्रकाशनं किल्ली पुढे केली. “चल, मोकळ्या रानात जाऊ. आज क्लच शिकवतो.”

पोरीनं किल्ली घेतली आणि आजोबांच्या खुर्चीपाशी गेली. “तुमच्याकडं नको पप्पा. आबा शिकवतील मला. तुमी गाडी पाडली हुती.”

लाडात बोलली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. लहानपणापासून तिनं घरात हेच ऐकलं होतं. प्रकाश जागच्या जागी उभा राहिला. मग पोरीला काय वाटलं कोण जाणे, तिनं वळून विचारलं, “खरंच इसरला हुता का पप्पा तुमी? एवढा मोठा लाल दिवा आसतो म्हणं.”

प्रकाश आबांकडे बघत राहिला. मीही बघत राहिलो. अंगणात आम्ही चौघंच होतो. पोलीस कधीच निघून गेले होते, कोर्ट संपलं होतं, गाडी विकली होती, लायसनचा प्रश्न उरला नव्हता. मोठ्या थाटात काही सांगायची गरज नव्हती. ‘न्हाय गं, मीच हुतो’ एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. आबांनी नातीकडे पाहिलं. मग प्रकाशकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले, आणि खोटं कशाला सांगू, मला क्षणभर वाटलं की आता निघतंय.

“सांग की तिला,” आबा प्रकाशला म्हणाले.

प्रकाशनं खाली बघितलं.

“व्हय बाळा,” तो म्हणाला. “इसरलो हुतो.”

स्नेहलनं आबांना हात देऊन उठवलं. ते तिच्या खांद्यावर भार टाकत पिकअपपर्यंत गेले, चपला काढून पायरीवर ठेवल्या आणि पलीकडच्या सीटवर चढून बसले. गाडी धक्के खात अंगणातून बाहेर पडली. प्रकाश फाटकापर्यंत लंगडत मागे गेला आणि ओरडून म्हणाला, “आबांचं नीट ऐक गं.”